उन्हाळा खडकात साठवताना

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत ज्यांची मुलं-भावंडं आहेत, त्यांनी हिवाळ्यातल्या फोनवर हे ऐकलेलं असतं: ‘ठेवतो आता, गाडी काढायची तर आधी बर्फ उपसायचाय.’ गॅरेजपासून रस्त्यापर्यंतचा तो ड्राइव्हवे फावड्याने मोकळा करताना कंबर मोडते. म्हणून काही जण फरशीखाली विजेच्या तारा किंवा गरम पाण्याच्या नळ्या घालून घेतात. मग ओघानेच विचार येतो, छतावरच्या सौर पॅनेलची वीज इथे वापरली तर?

हिशेब करून पाहू. ५० चौरस मीटरच्या ड्राइव्हवेवर १० सेंटीमीटर ताजं, भुसभुशीत हिम पडलं, तर ते साधारण ५०० किलो भरतं. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ नुसता वितळायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत शून्य अंशावरचं किलोभर पाणी ८० अंशांपर्यंत तापलं असतं! इथे मात्र पारा शून्यावरून हलत नाही. सगळी उष्णता रेणूंची घट्ट बांधणी सैल करण्यात खर्ची पडते. शाळेत पाठ केलेला ‘अप्रकट उष्मा’ तो हाच. ५०० किलोंसाठी ४६ युनिट झाले, जमिनीत आणि वाऱ्यावर जाणारी उष्णता वेगळीच. डिसेंबरातल्या आखूड, ढगाळ दिवशी पाच किलोवॉटची पॅनेल १० युनिटही देत नाहीत. शिवाय त्यांच्यावरही तेच हिम साचलेलं असतं.

पण बर्फ वितळवायला वीजच कशाला हवी? शून्याच्या थोडी वरची ऊब त्याला पुरते. आइसलँडमध्ये रेक्याविकला भूगर्भातल्या गरम पाण्याने घरं उबदार ठेवतात आणि ३०-३५ अंशांवर उतरलेलं तेच पाणी पदपथांखालून फिरवतात.

सूर्याची ऊबही अशीच वापरता येते, फक्त ती सहा महिने सांभाळून ठेवावी लागते. स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळ डेर्लिगेन इथे महामार्गावरच्या एका पुलावर १९९४ मध्ये ‘सेर्सो’ प्रकल्प उभा राहिला, आणि मला या साऱ्या विषयात तोच सर्वांत मोलाचा वाटतो. उन्हाळ्यात डांबर तापतं तेव्हा त्याच्या पोटातल्या नळ्यांमधला द्रव ती उष्णता शोषून घेतो आणि शेजारच्या खडकात नेऊन सोडतो. त्यासाठी ६५ मीटर खोल अशी ९१ विवरं खोदली आहेत. थंडीत प्रवाह उलटा फिरतो. १३०० चौरस मीटरच्या त्या पृष्ठभागावर बर्फ धरू नये एवढीच अपेक्षा, त्यामुळे वीज लागते ती मुख्यतः पंपांना. पूल निवडण्यालाही कारण आहे: पुलाला खालूनही गार वारा लागतो, म्हणून पुढचा-मागचा रस्ता नुसता ओला असतानाच पूल गोठतो.

एकट्या घरासाठी एवढी विवरं खोदणं परवडायचं नाही. पण रुग्णालयाच्या चढावर, जिथे रुग्णवाहिका घसरून चालणारच नाही, तिथे हा खर्च मला आधी करावासा वाटतो.