मागच्या चाकांकडून येणारा आवाज



सातपुड्यातल्या कित्येक पाड्यांवरून आजारी माणसाला आजही बांबूच्या झोळीत घालून, खांद्यावर वाहून रस्त्यापर्यंत आणावे लागते. रस्त्यावर आल्यावर जी गाडी मिळते ती बहुतेक वेळा पिकअप असते. धान्य, पत्रे, सिमेंट आणि अडलेली बाई, सगळ्यांना तीच गाडी. मोलगीहून अक्कलकुव्याकडे उतरताना देवगोई घाट लागतो. अशा उतारावर मागच्या चाकाने दगा दिला तर काय होईल, ते सांगायला नको. पण मागचा ॲक्सल सहसा अचानक मोडत नाही. तो बरेच दिवस आधी आवाज करतो. तो आवाज कसा ओळखावा, हे या अंकात सांगतो. आपल्यापैकी ज्यांची भाजीपाल्याची पिकअप आहे त्यांनाही हे उपयोगी पडेल.

गिअरबॉक्समधून निघालेला लांब प्रोपेलर शाफ्ट मागच्या गोल हौसिंगपर्यंत जातो. तिथे लहान पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतो आणि दोन्ही बाजूंचे हाफ शाफ्ट चाकांना. या वाटेवर बेअरिंग, दाते, जॉइंट, ऑइल सील असे बरेच काही झिजण्यासारखे आहे. आवाज कुठून येतो हे नुसत्या कानाने शोधू नये, कारण रिकामा हौदा ढोलासारखा घुमतो आणि डावीकडचा आवाज उजवीकडचा वाटतो. आवाज केव्हा बदलतो, ते पाहावे.

आधी टायरची शंका फेडून घ्यावी. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गेल्यावर आवाजाचा सूर बदलला, तर दोष बहुधा टायरच्या वेड्यावाकड्या झिजेचा. रस्ता कोणताही असो, घरघर तीच राहते आणि वेगाबरोबर वाढते, गिअर बदलला तरी फरक पडत नाही, तर संशय चाकाच्या बेअरिंगवर घ्यावा. मोकळ्या रस्त्यावर, बेताच्या वेगात गाडी हलकेच वळवून पाहावी. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर जातो. तेव्हा घरघर वाढली तर बेअरिंग बहुधा डावीकडचे. खात्री करायची तर गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये ठेवावी, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावावेत, हँडब्रेक सोडून मागचे चाक जॅकवर उचलावे आणि ॲक्सलखाली भक्कम ठोकळा द्यावा. एकट्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये. एक हात पाट्यावर ठेवून दुसऱ्याने चाक फिरवले की खराब बेअरिंगची खरखर बोटांना जाणवते. मग चाक वर-खाली धरून हलवावे. खुळखुळले, तर गाडी उभीच ठेवावी. काही पिकअपमध्ये चाक थेट हाफ शाफ्टवर बसवलेले असते. तिथे बेअरिंग पुरते गेले तर शाफ्टसकट चाक बाहेर येऊ शकते. बेअरिंगच्या आवाजावर ‘पुढच्या फेरीनंतर बघू’ म्हणणारा ड्रायव्हर मला मान्य नाही, मग तो कितीही अनुभवी असो.

ॲक्सिलरेटर दाबल्यावर कुईं असा बारीक सूर येतो आणि पाय उचलताच तो थांबतो किंवा बदलतो, तेव्हा क्राऊन-पिनियनचे दाते तपासायला हवेत. फक्त वळणावरच करकर येत असेल, तर डिफरन्शियलमधले लहान गिअर पाहावेत, कारण सरळ रस्त्यावर ते आपापसात फारसे फिरतच नाहीत. क्लच सोडताना किंवा रिव्हर्स टाकताना ‘खट्ट’ होते, ते बहुतेक वेळा प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचे काम असते. त्याच्या क्रॉसच्या टोप्यांभोवती विटकरी भुकटी दिसली, तर आतले ग्रीस केव्हाच संपले आहे असे समजावे. पाट्यांचे यू-बोल्ट ढिले झाले तरी असाच दणका बसतो. ते आधी आवळून पाहावेत, त्याला पैसे लागत नाहीत.

थरथरीचे गणित सोपे आहे. क्राऊनला ४१ आणि पिनियनला १० दाते असतील, तर चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे चारहून थोडे अधिक फेरे होतात. ताशी ६० किलोमीटरला पंधरा इंची रिमचे चाक मिनिटाला साधारण ४५० वेळा फिरते, तर शाफ्ट १८५० च्या आसपास. म्हणून चाकाचा दोष सीटखाली संथ हेलकाव्यासारखा जाणवतो आणि शाफ्टचा दोष बारीक झिणझिण्यांसारखा. पावसाळ्यात मात्र खर्च करण्याआधी रिमच्या आतल्या बाजूला पाहावे. तिथे वाळलेल्या चिखलाचा गोळा पुष्कळदा सापडतो. शाफ्ट खोलायचाच झाला, तर आधी जोडावर खडूने किंवा पंचने खूण करून घ्यायला मेकॅनिकला जरूर सांगावे. तो जसा होता तसाच बसला नाही, तर नवी थरथर सुरू होते.

आपल्या भागात ओढे फार, आणि त्यांचा त्रास वेगळा. हौसिंगवर हवा जाण्यायेण्यासाठी छोटा ब्रीदर असतो. तो चिखलाने बुजला आणि तापलेला ॲक्सल गार पाण्यात शिरला, की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. उलट गाडी तापली की दाब वाढून तेल सीलबाहेर येते आणि ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते. चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ दिसले, तर ब्रेक तपासल्याशिवाय घाट उतरू नये. ओढ्यातून गाडी काढावी लागली असेल, तर ॲक्सल गार झाल्यावर वरचा प्लग खोलून बोट घालावे. तेल प्लगच्या काठापर्यंत हवे. चमकणारे कण बोटाला लागले तर दाते किंवा बेअरिंग झिजत आहे. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी आहे. ते सगळे काढून नवे भरावे, ब्रीदर साफ करावा आणि ज्या सीलमधून पाणी शिरले ते बदलून घ्यावे.