धडगाव ते भामरागड : विमानाने दीड तास?



आमच्या धडगावकडे मोहाची झाडं पुष्कळ, तशीच ती राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीतल्या भामरागडकडेही. तिकडच्या बाया मोहाचं काय काय करतात, ते एकदा पाहून यावं असं गटाच्या बैठकीत ठरलं. एकीच्या मुलाने लगेच मोबाइलवर शोधलं. अंतर 715 किलोमीटर, विमानाने दीड तास! आठ महिन्यांचं बाळ असलेली आमची मैत्रीण सगळ्यात जास्त खूश झाली. सकाळी जायचं, रात्री घरी.

तेवढ्यात मावशींनी विचारलं, "विमानात बसायचं कुठून?"

खरंच की. धडगावला विमानतळ नाही आणि भामरागडलाही नाही. मग हा दीड तास आला कुठून?

प्रत्येक गावाचा पत्ता पृथ्वीवर दोन आकड्यांत सांगता येतो, अक्षांश आणि रेखांश. शाळेत शिकलो होतो, विसरलो. या आकड्यांप्रमाणे भामरागड आपल्यापासून साधारण 2.4 अंश दक्षिणेला आणि 6.4 अंश पूर्वेला आहे. उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर. पूर्व-पश्चिम एक अंश आपल्या भागात सुमारे 104 किलोमीटर भरतो. म्हणजे 265 किलोमीटर खाली आणि 665 किलोमीटर उजवीकडे. बांधाबांधाने न जाता शेतातून तिरकं गेलं की वाट कमी होते ना, तशी तिरकी रेघ काढली की 715 येतात. हेच हवाई अंतर. पोराच्या पुस्तकातल्या नकाशावर दोरा ताणून, तो खालच्या प्रमाणपट्टीवर मोजला तरी जवळपास तेवढंच येईल.

वेळेचा हिशोब तर याहून सोपा. विमान तासाला 800 किलोमीटर जातं असं धरायचं, त्याने अंतराला भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा. झाला दीड तास. त्या गावात धावपट्टी आहे का, हे या हिशोबात कुणी विचारतच नाही.

आता खरी वाट. घाट उतरून शहादा, पुढे नंदुरबार. तिथून रेल्वेने भुसावळमार्गे नागपूर. मग चंद्रपूर, आलापल्ली आणि शेवटी जंगलातून भामरागड. सगळं मिळून 900 किलोमीटरच्या वर. कुणी विमानाने नागपूरला उतरलं, तरी पुढे 300 किलोमीटरहून जास्त रस्ता उरतोच. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो.

आम्ही खर्चाचा कागद 715 वर केला होता. गाडीवाला भाडं रस्त्याच्या किलोमीटरवर लावतो, म्हणून तो फाडून नवा केला. जाता-येता चार दिवस आणि तिथे एक, असा पाच दिवसांचा रोज बुडणार, तोही धरला. मोहाच्या दिवसांत जावं म्हटलं, तर इथली फुलं कोण वेचणार? म्हणून दिवाळीनंतरचा बेत केलाय.

बाळवाली मैत्रीण येणार आहे. बाळाला सांभाळायला सासूबाईही बरोबर येतील. त्यांचं भाडं गटाने भरायचं की तिने, यावर अजून आमचं बोलणं चालू आहे.