संगणकातला फोन आणि एका ओळीची हाक

श्रोतेहो, गावच्या जत्रेसाठी नाटक बसवायचं म्हटलं की आधी देवळाच्या ओवरीत तालीम चालते. तालमीत चुकलं तर हसून सोडून देता येतं. प्रयोगात चुकलं तर सारा गाव पाहतो. मोबाइल फोनसाठी ॲप तयार करणाऱ्यांनाही तालमीची अशी जागा लागते. आज तिची ओळख करून घेऊ.

समजा, एका गुरुजींनी पहिलीच्या मुलांसाठी शब्दवाचनाचं ॲप तयार केलं. त्यांच्या स्वतःच्या फोनवर ते सुरेख दिसतं. पण मुलाच्या घरचा फोन लहान पडद्याचा. त्यात आजोबांना दिसावं म्हणून अक्षरं मोठी केलेली. चौकटीत अक्षर मावत नाही, वरची मात्रा कापली जाते आणि ‘मोर’चा ‘मार’ होतो! मोठा माणूस म्हणेल, यंत्र चुकलं. पहिलीतलं पोर मात्र म्हणतं, मलाच वाचता येत नाही. म्हणून ही चूक मुलाच्या हाती जाण्याआधी सापडली पाहिजे.

आता त्यासाठी दहा तऱ्हेचे फोन विकत घेणं कुणाला परवडणार? पण संगणकाच्या पडद्यावरच फोन उभा करता येतो. ॲण्ड्रॉइड फोनच्या या प्रतिरूपाला एम्युलेटर म्हणतात. 2007 साली ॲण्ड्रॉइडची साधनं प्रथम बाहेर आली, तेव्हापासून ते मिळतं. त्यात ॲण्ड्रॉइडची सगळी व्यवस्था जणू खऱ्या फोनमध्ये असावी तशी चालते. आयफोनसाठी ॲपल कंपनीचा सिम्युलेटर आहे. तो 2008 साली आला आणि फक्त मॅक संगणकावर चालतो.

हा फोन सुरू करण्याची नेहमीची रीत म्हणजे ॲण्ड्रॉइड स्टुडिओ हा मोठा प्रोग्राम उघडायचा आणि त्यातलं बटण दाबायचं. पण शाळेच्या संगणकाची स्मृती थोडी असेल, तर स्टुडिओ आणि एम्युलेटर दोन्ही एकदम चालवताना त्याला धाप लागते. अशा वेळी आज्ञेची एक ओळ टंकून नुसत्या फोनलाच हाक मारावी. विंडोजवर ही ओळ कमांड प्रॉम्प्टमध्ये लिहायची, लिनक्स व मॅकवर टर्मिनलमध्ये. पुढे मी आज्ञांचे उच्चार सांगतो. टंकताना त्या रोमन लिपीतच टंकाव्यात.

पहिल्या वेळी मात्र स्टुडिओ उघडून त्यातल्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये लहान पडद्याचा एक फोन तयार करा. त्याला ‘छोटा’ असं नाव द्या आणि स्टुडिओ बंद करा. मग आज्ञा द्या: ‘एम्युलेटर -लिस्ट-एव्हीडीज’. तयार असलेल्या फोनांची नावं समोर येतील. त्यातलं नाव घेऊन म्हणा: ‘एम्युलेटर -एव्हीडी छोटा’. थोड्या वेळात फोन पडद्यावर उभा राहील. आज्ञाच सापडत नाही असा निरोप आला तर घाबरू नका. एम्युलेटर ज्या फोल्डरात आहे, त्याचा पत्ता संगणकाच्या ‘पाथ’ या यादीत घालायचा राहिलेला असतो.

खेड्यातल्या वापरासाठी आणखी एक युक्ती. त्याच ओळीच्या शेवटी ‘-नेटस्पीड एज -नेटडिले एज’ असं जोडलं, की इंटरनेट मुद्दाम संथ होतं. डोंगरापलीकडच्या वाडीत आपलं ॲप कसं रखडेल, त्याचा अंदाज घरबसल्या येतो. ‘-वाइप-डेटा’ जोडलं तर फोन पुन्हा कोरा होतो. नव्या मुलाच्या हाती ॲप प्रथम कसं दिसेल, ते त्यावर पाहावं. फोन सुरू झाल्यावर त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं सर्वांत मोठी करायला विसरू नका. ‘मोर’ची परीक्षा तिथंच होते.

मॅकवाल्यांनी आधी एक्सकोड बसवावा. मग ‘एक्सक्रन सिमसीटीएल लिस्ट डिव्हायसेस’ म्हटलं की यादी मिळते. ‘एक्सक्रन सिमसीटीएल बूट’ आणि पुढं फोनचं नाव लिहिलं की फोन जागा होतो. नावात मोकळी जागा असेल तर ते अवतरणचिन्हांत लिहावं. फोन जागा झाला तरी खिडकी दिसेलच असं नाही. त्यासाठी ‘ओपन -ए सिम्युलेटर’ अशी वेगळी आज्ञा द्यावी लागते.

एवढं झालं तरी तालीम म्हणजे प्रयोग नव्हे. ॲपलचा सिम्युलेटर मॅकच्याच बळावर धावतो; म्हणून तिथं झरझर चालणारं ॲप जुन्या फोनवर अडखळू शकतं. उन्हात न दिसणारा पडदा, तडा गेलेली काच, भरत आलेली साठवण, हे संगणकात कुठून येणार?

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, चुका संगणकातल्या फोनवर शोधा. पण मुलांच्या हाती ॲप देण्याआधी वर्गातल्या एखाद्या पालकाचा सर्वांत जुना फोन घटकाभर मागून घ्या. त्यावर ‘मोर’ हा मोरच दिसला, म्हणजे खुशाल वर्गात जा.