उशीर कोठें झाला?

गणेशचतुर्थी जवळ आली कीं पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत कोणास उसंत नसते. मूर्ति ठरते, गिऱ्हाईक मोबाइलवरून पैसे पाठवितें. ते त्याच्या खात्यांतून वजा होतात, पण कारखानदाराकडे पोंचत नाहींत. दोघेही सज्जन, तरी दोघांच्याही मनांत संशय! निरोप अडला कोठें?

यूपीआय ही व्यवस्था २०१६ सालीं सुरू झाली. तींत गिऱ्हाइकाची बँक, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन व विक्रेत्याची बँक यांचीं अनेक यंत्रें एका व्यवहारास हात लावतात. अशा यंत्रसमूहांत उशीर हुडकण्याच्या विद्येस 'डिस्ट्रिब्युटेड ट्रेसिंग' म्हणतात. गूगलनें आपल्या 'डॅपर' पद्धतीचें वर्णन २०१० सालीं प्रसिद्ध केलें. २०१९ पासून 'ओपनटेलिमेट्री' या नांवानें सामाईक नियम आखले गेले.

ही विद्या समजण्यास संगणकाच्या खोलींत शिरावयास नको. पेणहून रोह्याच्या गाडींत बसावें. वाटेंत कासू, नागोठणें, निडी हीं स्टेशनें लागतात. प्रत्येक ठिकाणीं गाडीच्या क्रमांकापुढें आल्याची व सुटल्याची वेळ वहींत लिहितात. रोह्यास मध्य रेल्वेची हद्द संपून कोंकण रेल्वेची सुरू होते. पण गाडीचा क्रमांक तोच राहिल्यानें दोन्हींकडील वह्या जुळवितां येतात. व्यवहारासही असाच एक क्रमांक देऊन तो यंत्रागणिक पुढें पाठवितात. सबंध प्रवास तो 'ट्रेस', आणि एकेका यंत्रानें केलेलें काम तो 'स्पॅन'. स्पॅनमध्यें कामाचें नांव, ट्रेसचा क्रमांक, स्वतःचा क्रमांक, ज्यानें काम सांगितलें त्या जनक-स्पॅनचा क्रमांक, आणि आरंभ व शेवट यांच्या वेळा असतात.

जनकाची नोंद कां? समजा, ॲपचा स्पॅन ५ सेकंदांचा, त्याच्या पोटांत बँकेचा ३ सेकंदांचा, आणि बँकेच्या पोटांत खातेवहीचा अडीच सेकंदांचा. यांची बेरीज साडेदहा. पण गिऱ्हाईक थांबलें पांचच सेकंद! येथें बेरीज नव्हे, वजाबाकी हवी: बँकेनें स्वतः घेतला तो अर्धाच सेकंद.

खरी मेख घड्याळांत आहे. नागोठण्याचें घड्याळ कासूच्या मागें दोन मिनिटें असेल, तर मधला प्रवास दोन मिनिटांनीं कमी भरेल. परंतु नागोठण्यास गाडी किती थांबली हें बरोबरच येईल, कारण दोन्ही वेळा एकाच घड्याळाच्या. म्हणून एका यंत्रानें मोजलेल्या अवधीवर जितका भरंवसा ठेवावा, तितका दोन यंत्रांच्या वेळांच्या फरकावर ठेवूं नये. नाहींतर हुकूम निघण्यापूर्वींच काम सुरू झालेलें दिसतें! ओपनटेलिमेट्रींत वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या नॅनोसेकंदांत लिहितात. पण एवढ्या बारीक आंकड्यानें चुकलेलें घड्याळ सुधारत नाहीं. शिवाय यंत्राचें घड्याळ मधेंच दुरुस्त केलें जातें; यासाठीं अवधि मोजावयास मागें न फिरणारा निराळा गणक वापरणें मला अधिक शहाणपणाचें वाटतें.

आणखी एक अडचण आहे. स्पॅन सामान्यतः काम संपल्यावरच पाठवितात. मध्येंच बंद पडलेल्या यंत्राची नोंद येतच नाहीं. तेव्हां जनक-स्पॅन तीस सेकंदांचा आणि त्याच्या पोटांत कांहींच नाहीं असें दिसलें, तर त्या कोऱ्या जागेपासूनच चौकशी सुरू करावी.