गोधडी : घराचे वस्त्रदप्तर

होळी पेटून गेली, राबासाठी तोडलेल्या फांद्या शेतात वाळत पडल्या आणि दुपारच्या उन्हाने कौले तापू लागली, म्हणजे ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील खेड्यापाड्यांत एक काम निघते, ज्याची नोंद तलाठ्याच्या दप्तरात होत नाही आणि मामलेदार कचेरीच्या पीकपाहणीतही सापडत नाही. भात केव्हाच कणगीत पडलेले असते, पाऊस अजून दोन-अडीच महिने दूर असतो, आणि शेतकऱ्याच्या वर्षातील ह्या एवढ्याच मोकळ्या अवकाशात घरातील वडीलधारी बाई माळ्यावरचे जुन्या कपड्यांचे गाठोडे खाली उतरवते. विटलेली लुगडी, कोपरावर फाटलेले सदरे, पंचे, धोतरे, मुलांचे आखूड झालेले परकर असे सारे जिन्नस शेणाने सारवलेल्या अंगणात मांडवाच्या सावलीत पसरले जातात. शेजारच्या दोघी-तिघी आपापली सुई घेऊन येतात. आणि गोधडीला आरंभ होतो.

परदेशी ह्याच विद्येचे रीतसर संघ आहेत. इंग्लंडमध्ये १९७९ साली गोधडी शिवणाऱ्यांचा संघ स्थापन झाला. अमेरिकेत तर गावोगावी अशी मंडळे असून त्यांचे वर्ग भरतात, धाग्यांच्या आणि टाक्यांच्या कलेवर व्याख्याने होतात, प्रदर्शने मांडली जातात. आपल्याकडे अशी सनद कोणी कोणाला दिली नाही, वर्गाची वर्गणी कोणी ठरवली नाही, हजेरीपट कोणी मांडला नाही. तरीही ज्याला संस्था म्हणावे असे सर्व काही, म्हणजे अभ्यासक्रम, गुरुपरंपरा, परीक्षा आणि कामाची वाटणी, ह्या अंगणात अव्याहत नांदत आले आहे. ह्या बिनसनदी संस्थेचा परिचय करून देणे हा ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांचा निवाडा करणे इष्ट होय. तान्ह्या बाळाचे ते दुपटे, लहानसे, दोनपदरी आणि मऊसूत. चार पदरांची ती चौघडी. चिंध्या आणि ठिगळे जोडून केलेले जाड पांघरूण ते वाकळ किंवा गोधडी. घोंगडी ह्या कुळातली नव्हे. ती मेंढीच्या लोकरीची, मागावर विणलेली आणि बाजारात विकली जाणारी. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेस खांबलिंगेश्वराची जी मोठी यात्रा भरते, तिच्यात बैलांच्या बाजाराबरोबर घोंगड्यांचाही बाजार मांडला जातो आणि दूरदूरची माणसे तेथे घासाघीस करून घोंगडी खरेदी करतात. गोधडीला मात्र परंपरेने असा बाजार नाही. ती घरात निपजते, घरात वापरली जाते आणि घरातच झिजून, पुढच्या गोधडीच्या पोटात जाऊन, नाहीशी होते. तिला किंमत नव्हती म्हणूनच तिला इतिहासही लाभला नाही.

कामाची पद्धत वरवर साधी, परंतु आतून मोठी काटेकोर आहे. सर्वांत खाली अस्तर अंथरतात. त्यासाठी बहुधा एखादे धड लुगडे राखून ठेवलेले असते, कारण नऊवारी लुगड्याचा पन्ना आणि लांबी दुमडून घेतली की जोड न देताच मोठा आणि मजबूत चौकोन हाती येतो. त्यावर आतले थर बसतात आणि येथेच जाणतेपणाची कसोटी लागते. जाड तुकडा पातळ तुकड्याशेजारी आला, शिवण शिवणीवर पडली किंवा एखादी गुंडी काढायची राहून गेली, तर रात्री पाठीला ती बरोबर कळते. सर्वांवर ठिगळांचा वरचा पदर येतो. मग चारी कोपऱ्यांवर धोंडे ठेवून कापड ताणतात, लांबलांब कच्च्या टाक्यांनी थर एकमेकांस जखडतात आणि धावदोऱ्याची पहिली ओळ कडेने फिरवतात. ती ओळ चारी बाजू हिंडून आली, की तिच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी, अशी चौकटीत चौकट बसवीत सुया मध्याकडे सरकतात. चार बाजूंनी चौघी बसल्या असल्या, तर कोणाच्याही हाताचा ताण वेगळा पडून चालत नाही. एकीने दोरा अधिक ओढला, तर तिच्या बाजूची कड आक्रसते आणि गोधडी वाकडी होते.

ह्या श्रमाचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद अशी मध्यम गोधडी घ्यावी, दोन ओळींत पाऊण इंचाचे अंतर धरावे, म्हणजे शिवणीची एकूण लांबी सुमारे तीनशे चौऱ्याऐंशी फूट भरते. इंचाला दोन टाके मोजले, तरी एका गोधडीत नऊ हजारांवर टाके पडतात. त्यांतील प्रत्येक टाका चार-पाच पदरांतून सुई खाली घालून पुन्हा वर काढलेला असतो. अंगुस्तान प्रत्येकीच्या बोटात असतेच असे नाही. बोटाची कातडीच हळूहळू त्याचे काम करू लागते. आणि हे टाके शोभेसाठी नसतात. दोन ओळींच्या मधे, पदरापदरांत जी हवा कोंडून राहते तीच ऊब देते. ओळी फार दूर गेल्या तर आतल्या चिंध्या धुण्यात गोळा होतात, फार जवळ आल्या तर हवेला जागा उरत नाही आणि गोधडी फळीसारखी ताठ होते. पाऊण इंचाचे हे अंतर कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. ते बोटाच्या रुंदीने मोजले जाते आणि आईच्या बोटावरून मुलीच्या बोटावर येते.

ह्या शाळेतील विद्यार्थिनीचा प्रवेश दोरा ओवण्यापासून होतो. आजीची नजर अधू झालेली असते, म्हणून सात-आठ वर्षांची नात सुईत दोरा ओवून देते. तेथे बसल्याबसल्या ती पाहू लागते, मग तिला कडेचा, कोणाच्या डोळ्यांत न भरणारा एखादा वीतभर भाग मिळतो. टाका चुकला तर त्यावर प्रवचन होत नाही, आजी एवढेच म्हणते, "उसव गे बाय, पुन्हा घाल." उसवून पुन्हा घालणे हीच येथील परीक्षा आणि हीच येथील शिक्षा. व्याख्यानेही होतातच, फक्त त्यांना कोणी व्याख्यान म्हणत नाही. सुती कापड कोणते आणि किती धुण्यांनंतर मुरते, पक्का रंग कोणता आणि कच्चा कोणता, दोरा ओला करून का ओढावा, बाळाच्या दुपट्याला नवे करकरीत कापड का लावू नये, हे सर्व विषय गावातली लग्ने, बाळंतपणे आणि सुखदुःखे ह्यांच्या बोलण्यात विणले जाऊन शिकवले जातात. एक तुकडा हाती आला की तो कोणाच्या लुगड्याचा हे निघते, आणि लुगड्यावरून ते नेसणारीची कथा निघते.

गोधडीला मी घराचे दप्तर म्हणतो ते ह्याच कारणाने. पेशवाईतील हिशेबाचे कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले असत. येथे कापड हाच कागद आहे. वारलेल्या सासूचे हिरवे लुगडे, गिरणीत नोकरीला गेलेल्या दिराचा सदरा, धाकटीच्या पहिल्या शाळेचा निळा झगा, हे सारे दस्तऐवज एका चौकोनात कायम केलेले असतात, आणि घरातील माणूस रात्री ते अंगावर घेऊन निजते.

दप्तरातून प्रदेशाचा इतिहासही वाचता येतो. मुरबाडच्या पूर्वेस सह्याद्रीत नाणेघाट आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणारा व्यापार ह्याच वाटेने चढत असे आणि सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख तेथील लेण्यात आजही आहे. पुढे १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला, १८६१ मध्ये रेल्वे कसाऱ्यापर्यंत पोचली, आणि आसनगाव, आटगाव, खर्डी ह्या स्थानकांच्या आसपासच्या खेड्यांना गिरणीचे स्वस्त कापड दाराशी आले. घाटाखालच्या गोधडीत मांजरपाटाचा पांढरा तुकडा शिरला, तो ह्या लोहमार्गाने. शेजारच्या भिवंडीत यंत्रमाग वाढले, उल्हासनगरात कपड्यांचे कारखाने झाले, आणि तेथील कातरणे गाठोड्यांतून विकली जाऊ लागली. ठिगळांची ही परंपरा अशी नेहमी आपल्या काळाच्या कापडव्यवहाराची नोंद ठेवीत आली आहे.

नाणेघाटाच्या माथ्यावरून पश्चिमेस खाली पाहिले, तर बांधांनी विभागलेली भाताची खाचरे दिसतात आणि हे दृश्य एका जुन्या कथेची आठवण करून देते. विनयपिटकात असे सांगितले आहे, की भगवान बुद्धांनी मगधातील बांधबंदिस्त भातशेते पाहून भिक्षूंचे चीवर त्याच आकृतीचे, तुकडे जोडून, करता येईल का असे आपला शिष्य आनंद ह्याला विचारले आणि आनंदाने तसे चीवर शिवले. टाकून दिलेल्या चिंध्यांचे ते वस्त्र वैराग्याचे चिन्ह झाले. जुन्या ठाणे जिल्ह्यातील सोपारा येथे बौद्ध स्तूप उभा होता, तेव्हा असे चीवर परिधान केलेली माणसे ह्या भूमीला अपरिचित नव्हती. आपल्या संतपरंपरेतही चिंधीला हाच मान मिळाला. १८७६ साली जन्मलेल्या गाडगे महाराजांना लोक त्यांच्या ठिगळांच्या वस्त्रावरून गोधडे महाराज म्हणत. द्रौपदीने आपल्या भरजरी वस्त्राची चिंधी फाडून कृष्णाचे बोट बांधले, ही कथा तर प्रत्येक घरात सांगितली जाते. चिंधी म्हणजे दारिद्र्य, हे समीकरण आपल्या संस्कृतीने कधीच संपूर्णपणे मान्य केलेले नाही.

गोधडीला भगिनीही पुष्कळ आहेत. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, सिंध-राजस्थानची रल्ली आणि उत्तर कर्नाटकातील कौदी ह्या सर्व जुन्या वस्त्रांतून आणि धावदोऱ्यातून जन्मल्या. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, त्यांची कवंदी आपल्या गोधडीसारखीच कडेकडून मध्याकडे शिवली जाते, आणि तिच्या कोपऱ्यांवर कापडाची फुले लावल्यावाचून ती पुरी झाली असे मानीत नाहीत. अमेरिकेत अलाबामा राज्यातील जीज बेंड ह्या खेड्यातील कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी कलासंग्रहालयात भिंतींवर लागल्या आणि २००६ मध्ये टपालाच्या तिकिटांवर आल्या. त्या स्त्रिया कोणत्याही कलाशाळेत गेल्या नव्हत्या. त्यांनी आपापल्या आयांपासून शिकून घेतले होते. कांथा आणि सुजनी ह्यांना आज भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्राच्या गोधडीवर मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी गावोगाव हिंडून स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला, हे त्यांचे मोठे उपकार होत.

शहापूर-मुरबाडच्या जीवनात गोधडीचे स्थान पांघरुणापुरते मर्यादित नाही. दिवाळीनंतर ह्या भागातील अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला निघतात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. त्या प्रवासात भांडीकुंडी, धान्य आणि कपडे गोधडीत बांधलेले असतात. भट्टीवर पोचल्यावर तीच अंथरूण होते, तीच झोपडीचा आडपडदा होते, तीच बाळाची झोळी होते. आणि घट बसण्यापूर्वी गावातील साऱ्या गोधड्या काळू किंवा भातसा नदीवर धुण्यासाठी जातात, तेव्हा भिजून जड झालेली एक गोधडी पिळायला दोन बायका लागतात. एकीने एका टोकाला, दुसरीने दुसऱ्या टोकाला धरल्यावाचून पाणी निघत नाही. हे वस्त्र शिवायला आणि धुवायलाही शेजार लागतो. एकट्या माणसाची गोधडी नसते, असे म्हणावे ते ह्यामुळे.

आता ह्या व्यवहारावर काळाचा दाब स्पष्ट दिसतो. नायलॉन आणि पॉलिएस्टरची पातळे आली. ती फाटत नाहीत, मुरत नाहीत, घाम शोषत नाहीत आणि सुईखालून निसटतात. पानिपतचे कांबळे आठवड्याच्या बाजारात सहज आणि स्वस्त मिळते. हे कांबळेदेखील पुष्कळदा जुन्या कपड्यांची लोकर कातून विणलेले असते. परंतु ते कपडे कोणी वापरले होते, हे पांघरणाऱ्यास कधीच कळत नाही, आणि गोधडीचे सारे सत्त्व तर त्या ओळखीतच आहे. मुली शाळा-महाविद्यालयांत जातात, ह्याचा आनंदच मानला पाहिजे. पण त्यामुळे अंगणातील दुपारच्या वर्गात दोरा ओवायला कोणी उरले नाही, हेही खरे. काही ठिकाणी बचत गटांच्या स्त्रिया विक्रीसाठी गोधड्या शिवू लागल्या आहेत. ह्यात कमीपणा काही नाही. मात्र नऊ हजार टाक्यांचा मोबदला गिऱ्हाइकाने कांबळ्याच्या भावाशी ताडून पाहू नये, एवढा न्याय त्यांना मिळाला पाहिजे.

माझे मत असे, की गोधडी वाचवण्यासाठी आधी तिला विद्या म्हणून मान्यता दिली पाहिजे. जिल्हा परिषदेच्या शाळांत कार्यानुभवाचा तास असतो. गावातील एखाद्या आजीला त्या तासाला सन्मानाने बोलवावे, तिच्यासमोर मुलामुलींनी वीतभर चौघडी शिवावी, आणि तिला त्याबद्दल मानधन मिळावे. तालुक्याच्या वाचनालयांनी जुन्या गोधड्यांची छायाचित्रे, शिवणारीचे नाव, साल आणि गाव ह्यांसह जतन करून ठेवावीत. ज्या विद्येला नाव आणि साल मिळत नाही, ती शिकवणाऱ्या हातांबरोबरच संपते.

वाचकाला एक विनंती करून थांबतो. आपल्या घरच्या माळ्यावर किंवा पेटीत एखादी जुनी गोधडी असेलच. ती उन्हात पसरावी, घरातील वडीलधाऱ्या बाईला शेजारी बसवावे, आणि कोणते ठिगळ कोणाच्या वस्त्राचे हे एकेक करून विचारावे. ती सांगेल ती नावे कागदावर उतरवावीत, आणि मग एका स्वच्छ पांढऱ्या पट्टीवर दोऱ्याने लिहून ती पट्टी गोधडीच्या अस्तराला टाचून द्यावी. हे काम एका दुपारचे आहे, आणि ते तिच्या हयातीतच होऊ शकते.