आग बाहेर, पाणी आत

नेपाळमधले दामन हे सुमारे 2,300 मीटर उंचीवरचे गाव. तिथून हिमालयाची लांबच लांब रांग दिसते, म्हणून पर्यटक आवर्जून मुक्काम करतात. जानेवारी 2020 मध्ये केरळहून आलेल्या एका गटातले आठ जण तिथल्या हॉटेलात एकाच खोलीत झोपले. थंडी कडाक्याची, त्यामुळे दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या आणि खोलीत गॅसवर चालणारा हीटर. सकाळी आठही जण बेशुद्ध सापडले. हेलिकॉप्टरने काठमांडूला नेले, पण एकही वाचला नाही. त्यांत चार मुले होती. खोलीत ना आग लागली होती, ना स्फोट झाला होता.

आपल्याकडे गॅसची भीती म्हणजे गळतीची भीती. ती योग्यच आहे आणि तिच्यासाठी आपण बऱ्यापैकी तयारही असतो. रात्री रेग्युलेटर बंद करायचा, नळी जुनी झाली की बदलायची, वास आला तर विजेच्या बटणाला हात लावायचा नाही, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा म्हणावा असा वास जवळजवळ नसतोच. नाकात शिरणारा तो कुजकट दर्प इथाइल मरकॅप्टन नावाच्या गंधकयुक्त रसायनाचा असतो आणि तो मुद्दाम मिसळलेला असतो. अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावी 18 मार्च 1937 रोजी शाळेच्या तळाशी नकळत साठलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट झाला आणि सुमारे तीनशे जण मेले, बहुतेक शाळकरी मुले. गॅसला वास देण्याची सक्ती झाली ती या घटनेनंतर.

हा वास मात्र न जळलेल्या गॅसचा. ज्योतीत गॅसबरोबर मरकॅप्टनही जळून जाते. म्हणजे दामनच्या खोलीत ज्या वायूने जीव घेतले, तो तयार होतो तिथेच धोक्याची सूचना संपलेली असते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. त्याने नाक चुरचुरत नाही, डोळ्यांत पाणी येत नाही, ठसका लागत नाही. इंधनातल्या कार्बनला पुरेसा ऑक्सिजन मिळाला की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि ऑक्सिजन कमी पडला की मोनॉक्साइड. त्यामुळे एलपीजी, पाइपचा गॅस, लाकूड, कोळसा, रॉकेल, पेट्रोल, डिझेल यांपैकी काहीही जाळले तरी तो निघू शकतो.

तो खोलीत कुठे साठतो, हाही प्रश्न फसवा आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो. पाइपने येणारा नैसर्गिक वायू, म्हणजे मिथेन, हलका; तो छताकडे जातो. जे. बी. एस. हाल्डेन हे पुढे भारतात स्थायिक झालेले शास्त्रज्ञ. लहान असताना वडिलांनी त्यांना एका कोळशाच्या खाणीत नेले आणि छताशी मिथेन साठलेल्या जागी उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातले अँटनीचे भाषण म्हणायला लावले. भाषणाच्या पहिल्या काही ओळी होतात न होतात तोच मुलाचे गुडघे मोडले. खाली पडल्यावर मात्र तो शुद्धीवर आला, कारण जमिनीलगतची हवा चांगली होती. मिथेनचा धडा असा कायमचा लक्षात राहिला. (आजच्या पालकसभेत ही शिक्षणपद्धती मंजूर होणे कठीण.) कार्बन मोनॉक्साइडला मात्र असा वर-खाली भेद नाही. त्याची घनता हवेच्या घनतेच्या इतकी जवळ आहे की तो खोलीभर मिसळतो. खाली वाका किंवा पलंगावर चढा, सुटका नाही.

या मुलाचे वडील जॉन स्कॉट हाल्डेन यांनीच खाणीतल्या या विषाचा माग काढला. वेल्समधल्या टायलर्सटाउन खाणीत 1896 च्या जानेवारीत स्फोट होऊन 57 कामगार गेले. हाल्डेन यांनी मृतदेह तपासले तेव्हा बहुतेक जण स्फोटाच्या तडाख्याने नव्हे, तर स्फोटानंतर पसरलेल्या वायूने मेल्याचे त्यांच्या लक्षात आले. चेहरे गुलाबी होते, जणू नुकतेच झोपलेले. त्याआधी त्यांनी स्वतःच हा वायू हुंगून पाहिला होता. रक्त निम्म्याच्या आसपास विषारी होईपर्यंत ते ठरावीक वेळाने थेंब काढून तपासत आणि लक्षणे लिहून ठेवत राहिले. खाणीत पिंजऱ्यातला लहान प्राणी न्यावा, ही सूचनाही त्यांचीच. छोट्या जिवाचा श्वास वेगवान, म्हणून तो माणसाच्या आधी कोलमडतो. ब्रिटनच्या खाणींतले कॅनरी पक्षी 1986 पर्यंत हे काम करत होते.

रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते. पण कार्बन मोनॉक्साइड समोर आला की ते त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे ते अडीचशे पट घट्ट धरते. हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो. त्यात मोनॉक्साइड हजारात एक भाग एवढाच मिसळला आणि माणूस त्या हवेत पुरेसा वेळ राहिला, तर निम्मे हिमोग्लोबिन त्याच्या ताब्यात जाते. एखाद्या रुग्णाचे हिमोग्लोबिन आजाराने निम्म्यावर येते, तो थकतो, धापा टाकतो, पण हिंडतो-फिरतो. मोनॉक्साइडने निम्मे अडवलेला माणूस मात्र मरणाच्या दारात असतो. कारण उरलेल्या निम्म्याने वाहून आणलेला ऑक्सिजनही पेशींपाशी सुटत नाही. हिमोग्लोबिन तो सोडायला तयार होत नाही. आणि गंमत अशी की थोडासा कार्बन मोनॉक्साइड आपले शरीर स्वतःच रोज तयार करते. जुन्या तांबड्या पेशी मोडताना तो निघतो. मुका मार लागल्यावर निळे वळ हळूहळू हिरवट होतात, त्या रंगबदलामागेही हीच प्रक्रिया असते.

करोनाच्या काळात घरोघरी आलेले बोटाचे ऑक्सिमीटर इथे चक्क दिशाभूल करते. ते लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून पाठवून रक्ताचा रंग जोखते. मोनॉक्साइड चिकटलेले रक्तही लालभडकच, त्यामुळे माणूस गुदमरत असताना पडद्यावर 98 दिसू शकते. खरे प्रमाण कळायला रक्ताची वेगळी तपासणी लागते, आणि ती करायला डॉक्टरांना शंका यावी लागते. म्हणून गॅसचा हीटर किंवा शेगडी चालू होती, हे नातेवाइकांनी आपणहून सांगायला हवे.

शेगडीवरून आपल्या जुन्या घरांतली एक पद्धत आठवते. बाळंतिणीला शेक द्यायचा तर शेगडी आधी अंगणात पेटवत. धूर पूर्ण जाऊन निखारे लालबुंद फुलले की मग ती आत नेत, आणि वारा लागू नये म्हणून खोलीचे दार ओढून घेत. यातला पहिला भाग शहाणपणाचा वाटतो, पण धूर गेला म्हणजे विष गेले असे नाही. उलट फुललेल्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. निखाऱ्यांवर कधी कधी फिकट निळी ज्योत खेळताना दिसते, ती जळणाऱ्या मोनॉक्साइडचीच. कौलारू घरात फटी असत, छपरातून हवा जाई, म्हणून बरेचदा निभावून गेले. फ्लॅटमधल्या सरकत्या काचांच्या खिडक्या तेवढ्या उदार नसतात. गरोदर बाईजवळ तर शेगडी नकोच, कारण आईला नुसते डोके दुखण्याइतका वायू पोटातल्या बाळाला गंभीर इजा करू शकतो. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला यांचा 1902 मध्ये पॅरिसच्या घरात मृत्यू झाला, तोही शयनगृहातल्या शेकोटीचे धुराडे तुंबल्यामुळे.

महाराष्ट्रात आज सर्वांत जवळचा धोका न्हाणीघरात आहे. गॅस गीझर स्वस्त पडतो, वीजबिल वाचते, पाणी झटकन तापते. पण तो किती हवा खातो, याचा हिशेब कोणी मांडत नाही. मिनिटाला सहा लिटर पाणी 25 अंशांनी तापवायचे तर तासाला जवळजवळ एक किलो गॅस जळण्याचा वेग लागतो. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे 13 घनमीटर हवा हवी. चार फूट बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंचीच्या बाथरूममध्ये हवा असते साडेपाच घनमीटर. दार बंद, थंडी म्हणून वरच्या खिडकीच्या काचपट्ट्याही बंद, तर चार मिनिटांच्या आसपास ऑक्सिजन 21 वरून 18 टक्क्यांवर येतो. परदेशातल्या धुराड्याविना चालणाऱ्या हीटरमध्ये याच सुमारास ज्योत आपोआप विझवणारी यंत्रणा बसवलेली असते. ती नसेल तर ज्योत आपलीच वाफ आणि आपलाच धूर पुन्हा आत ओढत जळत राहते आणि मोनॉक्साइड वाढत जातो. एवढ्यात बादलीही दुसऱ्यांदा भरून झालेली नसते.

यात पाय आधी जातात. माणसाला काहीतरी बिघडतेय हे कळते, पण उठता येत नाही, कडीपर्यंत हात पोचत नाही, आणि ओरडायला हवे हेही सुचेनासे होते. बाहेरच्यांना वाटते, आज अंघोळीला वेळ लागतोय. काहींना फेफरे येते आणि अपस्माराची औषधे सुरू होतात. असे रुग्ण इतके दिसू लागले की मेंदूविकारतज्ज्ञांनी त्याला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असेच नाव दिले.

आपल्या आजी-आजोबांचा तांब्याचा बंब या बाबतीत जास्त शहाणा होता. त्याच्या मधोमध धुराची नळी असे, तो मागच्या अंगणात किंवा पडवीत पेटे, आणि न्हाणीघरात जाई ती फक्त गरम पाण्याची बादली. आग बाहेर, पाणी आत. गॅस गीझरलाही हाच नियम लावायचा. तो बाल्कनीत किंवा बाहेरच्या उघड्या भिंतीवर बसवावा आणि आत फक्त पाइप घ्यावा. दोन इमारतींमधल्या अरुंद डक्टमध्ये बसवायचा असेल तर धूर वर मोकळ्या हवेत जातोय ना, शेजाऱ्याच्या खिडकीत शिरत नाही ना, हे पाहावे. बाथरूममध्येच ठेवणे भाग असेल तर धूर थेट बाहेर नेणारी नळी आणि कायम उघडा झरोका, दोन्ही हवेत. एक्झॉस्ट पंखा हा धुराच्या नळीला पर्याय नव्हे. हवा आत येण्याची वाट नसेल तर तो पंखा धूर नळीतून उलटा आत खेचू शकतो. माझ्या मते धुराच्या नळीविना गॅस गीझर बाथरूममध्ये बसवून देणाऱ्या मिस्त्रीला परत पाठवावे, त्याचे येण्याजाण्याचे पैसे गेले तरी चालतील. बसवल्यावरही ज्योत पिवळी पडणे, बर्नरजवळ काजळी धरणे ही यंत्र तपासून घेण्याची वेळ झाल्याची खूण. ज्योत निळी असणे ही मात्र हमी नाही, कारण बंद खोलीत निळ्या ज्योतीचाही ऑक्सिजन संपतो.

सहलीत यंत्र दुसऱ्याचे असते आणि खोली एका रात्रीची. ग्रीसमधल्या कॉर्फू बेटावर 2006 मध्ये एका ब्रिटिश कुटुंबातली दोन लहान भावंडे दगावली. बॉयलर त्यांच्या खोलीत नव्हताच. तो बंगल्याला लागून असलेल्या छोट्या खोलीत होता आणि वायू भिंतीतल्या भोकांतून आत आला. दक्षिण कोरियात गांगनुंगला डिसेंबर 2018 मध्ये परीक्षा संपल्याच्या आनंदात दहा विद्यार्थी सुट्टीला गेले. तिथे बॉयलरची धुराची नळी सांध्यातून निसटलेली होती. तिघे मेले, बाकीच्यांना रुग्णालयात न्यावे लागले. काश्मीर-मनालीकडे जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की बुखारीच्या, म्हणजे खोली उबदार ठेवणाऱ्या तिथल्या शेगडीच्या, पत्र्याच्या नळीचे दुसरे टोक घराबाहेर असते, आणि यजमान प्रेमाने आणून देतो त्या गॅसच्या हीटरला अशी नळीच नसते. त्याला ‘हा नको, दोन रजया जास्त द्या’ असे सांगायला संकोचू नये. तंबूत शेगडी किंवा बार्बेक्यूची राख नेऊ नये. वरून विझलेले दिसणारे निखारेही तासन्‌तास वायू सोडतात. बर्फात अडकलेल्या गाडीचा सायलेन्सर बुजला असेल तर इंजिन चालू ठेवून झोपणेही तसेच घातक.

कार्बन मोनॉक्साइडचा गजर मुठीत मावेल एवढा, बॅटरीवर चालणारा मिळतो. तो बॅगेत टाकून नेता येतो. फक्त घेताना नीट वाचावे, कारण स्वयंपाकघरातला एलपीजी गळतीचा गजर वेगळा असतो आणि तो मोनॉक्साइड ओळखत नाही. गजर लगेच वाजत नाही म्हणून तो बिघडला असेही समजू नये. अमेरिकी मानकानुसार दहा लाखात 70 भाग वायू असेल तर तो एक ते चार तासांत वाजतो, 400 भाग असेल तर चार ते पंधरा मिनिटांत. त्यातला संवेदक काही वर्षांनी निकामी होतो, ती मुदत मागे छापलेली असते.

गजर नसेल तर लक्षणांचा मेळ पाहावा. डोके जड, मळमळ, चक्कर, गळाठा. थोडक्यात ताप नसलेला फ्लू. एकाच खोलीतल्या सगळ्यांना एकदमच असे वाटू लागले आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर दुपारच्या जेवणाला दोष देत बसू नका. सगळ्यांना बाहेर काढा, दारे-खिडक्या सताड उघडा, गॅस बंद करा आणि 108 ला फोन लावा. (एलपीजी गळतीसाठीचा क्रमांक वेगळा, 1906.) बाथरूमचे दार फोडावे लागले तर आत जाणाऱ्याने श्वास रोखून पडलेल्याला ओढत बाहेर आणावे, तिथेच उपचार करत बसू नये. गॅस गीझर असलेल्या घरात अंघोळीला आतून कडी न लावण्याची सवय म्हणूनच बरी.

उपचार आहे ऑक्सिजन. साध्या हवेत रक्तातला मोनॉक्साइड निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास, आणि जास्त दाबाच्या ऑक्सिजन कक्षात अर्ध्या तासाच्या आत. रुग्ण शुद्धीवर येतो, चहा मागतो, घरी जातो. पण काहींच्या बाबतीत दोन दिवसांपासून सहा आठवड्यांपर्यंत कधीही विसराळूपणा, चिडचिड, चालताना तोल जाणे असे त्रास नव्याने सुरू होतात. त्यामुळे बरे वाटले तरी महिन्याभराने मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवून यावे, आणि त्याआधी घरी जाऊन तो गीझर भिंतीवरून उतरवावा.