केस गळणे आणि केस टाकणे : आखूड केसांच्या कुत्र्यांविषयी एक विवेचन

‘आमच्या कुत्र्याचे केस फार गळतात’ हे वाक्य कुत्रा पाळणाऱ्या मराठी घरांत इतक्या वेळा उच्चारले जाते की त्यातील क्रियापदाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. भाषेच्या अभ्यासकाने मात्र तेथे क्षणभर थांबावयास हवे. नळ गळतो, पान गळते, घाबरलेल्या माणसाचे अवसान गळते. या सर्व प्रयोगांत दोन छटा समान आहेत. जे घडते ते कोणी करीत नाही, आपोआप घडते. आणि जे जाते ते गमावले जाते. याउलट साप कात ‘टाकतो’. तेथे कर्ता साप आहे, आणि ‘कात टाकणे’ या वाक्प्रचारात हानीचा नव्हे तर नवेपणाचा अर्थ आहे. कुत्र्याच्या अंगावरून केस पडतात तेव्हा या दोहोंपैकी कोणते क्रियापद लागू करावयाचे, हा प्रश्न वरवर शब्दच्छलाचा वाटला तरी तसा तो नाही. आपण त्या घटनेला कोणते नाव देतो यावर आपण पुढे काय करतो हे पुष्कळसे अवलंबून असते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. निरोगी कुत्रा केस गमावीत नाही, तो ते टाकतो. हे टाकणे थांबविता येत नाही. टाकलेले केस कोठे पडावेत एवढेच काय ते आपल्या हाती असते. परंतु काही प्रसंगी केस खरोखरच गळतात. तेथे ब्रश हा उपाय नव्हे, आणि ते वेळीच ओळखले नाही तर नुकसान होते. विवेचनासाठी आपल्याकडे शहरी घरांत सर्वपरिचित झालेल्या लॅब्रॅडॉर जातीचे उदाहरण मुख्यतः घेतले आहे.

१. आखूड केस अधिक का पडतात?

कुत्रा निवडताना ‘केस आखूड आहेत, तेव्हा घरात त्रास होणार नाही’ असा तर्क पुष्कळ लोक करतात. अनुभव याच्या नेमका उलट येतो. त्याचे कारण केसाच्या आयुष्यक्रमात आहे. प्रत्येक केस चार अवस्थांतून जातो. प्रथम वाढीची अवस्था, नंतर वाढ आवरती घेण्याची अल्पकालीन अवस्था, त्यानंतर विश्रांती आणि शेवटी त्याग. शास्त्रीय परिभाषेत यांना अनुक्रमे ॲनाजेन, कॅटाजेन, टेलोजेन आणि एक्झोजेन असे म्हणतात. केसाची लांबी वाढीची अवस्था किती काळ टिकते यावर ठरते. माणसाच्या डोक्यावरील केस वर्षानुवर्षे वाढत राहतो. पूडल जातीच्या कुत्र्याचे बहुतेक केसही कोणत्याही क्षणी वाढीच्याच अवस्थेत असतात. म्हणून ते कापावे लागतात, पण फारसे पडत नाहीत. आखूड केसांच्या बहुतेक जातींत केसाची वाढ लवकर संपते, आणि केस दीर्घकाळ विश्रांतीत राहून नव्या केसाला जागा करून देतो. तात्पर्य, केस आखूड आहे याचाच अर्थ तो लवकर पुरा होतो.

या उपपत्तीला आनुवंशशास्त्राचा आधार आहे. एफजीएफ-५ नावाचे जनुक केसाची वाढ थांबविण्याचा संकेत देते, हे १९९४ मध्ये उंदरांवरील संशोधनातून दिसून आले; ते जनुक निकामी झालेल्या उंदरांचे केस लांब वाढले. पुढे २००९ मध्ये ८० जातींच्या एक हजाराहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कुत्र्यांच्या केसांतील वैविध्याचा मोठा भाग केवळ तीन जनुकांनी स्पष्ट होतो असे आढळले. त्यांतील एक हेच होय. आखूड केस ही मूळची स्थिती, आणि लांब केस हा त्या जनुकातील बदलाचा परिणाम आहे.

दुसरी गोष्ट केसांच्या रचनेची. माणसाच्या त्वचेतील एका रोमकूपातून सामान्यतः एकच केस येतो. कुत्र्याच्या त्वचेत मात्र एकाच मुखातून एक राठ मुख्य केस आणि त्याच्या भोवती अनेक मऊ, बारीक केस बाहेर येतात. या बारीक केसांना मराठीत ‘लव’ हा समर्पक शब्द आहे. त्याची व्युत्पत्ती संस्कृत ‘लोमन्’पासून लावतात, आणि जुन्या लेखनातील ‘लंव’ हे रूप ‘ग्राम–गांव’, ‘नाम–नांव’ या परिवर्तनाशी जुळणारे आहे. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या थंड समुद्रकिनाऱ्यावर कोळ्यांबरोबर वावरणारे. त्यामुळे त्याच्या आखूड केसांखाली ही लव अतिशय दाट असते. मराठवाड्यातील कारवानी कुत्र्याचे अंग याउलट गुळगुळीत, दाट लवेवाचून असते. त्याच कुळातील लांब रेशमी केसांच्या प्रकाराला ‘पश्मी’ म्हणतात, आणि फारसी ‘पश्म’ म्हणजे लोकर. केसांवरून भेद करण्याची ही लोकदृष्टी शास्त्राच्या वर्गीकरणाहून फार दूर नाही.

२. ऋतूंचा संबंध

केस टाकण्याचा काळ मुख्यतः दिनमानावर ठरतो. प्रकाशाची जाणीव डोळ्यांवाटे मेंदूत पोहोचते, तेथील ग्रंथींचे स्राव बदलतात, आणि रोमकूपांना वाढीचा किंवा त्यागाचा संकेत मिळतो. न्यूफाउंडलंडच्या दक्षिण भागात सर्वांत लहान दिवस सुमारे साडेआठ तासांचा व सर्वांत मोठा सुमारे सोळा तासांचा असतो. पुण्यात हेच अंतर सुमारे ११ ते सव्वातेरा तास इतकेच आहे. त्यातच घरातील दिवे रात्री उशिरापर्यंत चालू असतात आणि थंडीही बेताची असते. त्यामुळे ऋतूचा संकेत क्षीण होतो, आणि वर्षातून दोनदा भराने पडावयाचे केस आपल्याकडे बारमाही थोडेथोडे पडत राहतात. ‘हिवाळा संपला तरी थांबत नाही’ ही तक्रार म्हणूनच बहुधा रोगाची खूण नसते.

३. झडणे आणि झाडणे

मराठीत ‘पडणे–पाडणे’, ‘गळणे–गाळणे’ यांप्रमाणेच ‘झडणे–झाडणे’ ही जोडी आहे. पहिले आपोआप होते, दुसरे आपण करतो. कुत्र्याच्या निगेचे सर्व रहस्य या जोडीत सामावले आहे, असे म्हणावयास हरकत नाही. जो केस उद्या झडणारच आहे तो आज झाडून घ्यावा.

यासाठी अवजार साधे आहे. घोड्याला करतात तो ‘खरारा’ हा शब्द येथे तंतोतंत लागू पडतो. रबरी दात्यांचा ब्रश किंवा रबरी हातमोजा घेऊन प्रथम अंगावर हलक्या हाताने गोलाकार चोळावे. सुटलेली लव वर येते. नंतर केसांच्या दिशेने साध्या केसाळ ब्रशाने ती काढून घ्यावी. रोज दहा मिनिटे केलेला खरारा आठवड्यातून एकदा केलेल्या तासाभराच्या खटाटोपापेक्षा अधिक उपयोगी पडतो. धातूच्या पात्याची अवजारे जपून वापरावीत. वारंवार ओढल्यास ती राठ केस मध्येच तोडतात व त्वचा ओरबाडतात. कारवानीसारख्या लव नसलेल्या कुत्र्याला त्यांची गरजच नाही.

उन्हाळ्यात कुत्र्याचे अंग यंत्राने भादरण्याची प्रथा मात्र सर्वथा त्याज्य होय. त्याने केस पडणे थांबत नाही, केवळ पडणारे केस अधिक आखूड होतात. आखूड व ताठ केस चादरीच्या विणीत सुईसारखा शिरतो आणि झटकूनही निघत नाही. शिवाय ऊन व माश्या यांपासूनचे संरक्षण नाहीसे होते.

स्नानाने सुटलेले केस मोकळे होतात, परंतु स्नानापूर्वी कोरडा खरारा केलेला असावा. कुत्र्याची त्वचा माणसाच्या त्वचेपेक्षा कमी आम्ल असते. म्हणून आपला शांपू त्यास वापरू नये. फेस पूर्णपणे धुऊन काढावा आणि मुळाशी असलेली लव कोरडी होईपर्यंत पुसावे. पावसाळ्यात ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे, कारण ओलसर लवेखाली त्वचा चिडते आणि तेथे जंतूंची वाढ होते. अंग मळले नसेल तर महिना-दीड महिन्यातून एक स्नान पुरते. अधिक वेळा घातल्यास त्वचेचा स्निग्धांश निघून जातो.

आहाराविषयी आपल्या घरांत एक जुनी समजूत आहे की दूध-पोळीवर कुत्रा चांगला पोसतो. केस हा जवळजवळ सर्वस्वी प्रथिनाचा बनलेला असतो, आणि दूध-पोळीत ते पुरेसे मिळत नाही. धान्यातील फायटेट हे द्रव्य आहारातील जस्ताला बांधून ठेवते, व जस्ताच्या अभावी त्वचा खरखरीत होऊन केस निस्तेज होतात. अंडी, मांस किंवा सर्व घटकांनी युक्त असे तयार खाद्य हा त्यावरील उपाय होय. लिनोलेइक आम्ल कुत्र्याच्या शरीरात तयार होत नाही, ते आहारातूनच यावे लागते. पारंपरिक करडईच्या तेलात ते विपुल असते, आणि आहारात त्याची उणीव असेल तर चमचाभर तेलाने ती भरून निघते. फोडणीचे, कांद्याचे अन्न मात्र देऊ नये, कारण कांद्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. आहारातील बदलाचा परिणाम केसांवर दिसण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक दिसला नाही म्हणून उपाय बदलणारे लोक कोणत्याच उपायाला संधी देत नाहीत.

घरातील केसांबाबतही एक सूचना करावीशी वाटते. कोरड्या केरसुणीने केस उडून दुसरीकडे बसतात. ओले फडके किंवा ओला रबरी हातमोजा फिरविल्यास त्यांचे गोळे होऊन ते सहज उचलता येतात. घरात कोणास कुत्र्याच्या सान्निध्यात शिंका येत असतील तर केसांना दोष देणे पूर्णतः योग्य नव्हे. ती बाधा मुख्यतः कुत्र्याच्या लाळेतील व त्वचेच्या कोंड्यातील प्रथिनांमुळे होते. केस हे त्यांचे वाहन असते.

४. टाकणे केव्हा गळणे ठरते?

केस किती पडतात यावरून रोग ओळखता येत नाही. केरसुणीत जमलेला ढीग पाहून निष्कर्ष काढण्याऐवजी कुत्र्याचे अंग पाहावे. सर्वांगावरून सारखे केस पडत असून कोठेही त्वचा उघडी दिसत नसेल, खाज नसेल, केसांना चमक असेल, तर तो कुत्रा केस टाकीत आहे. काळजीचे कारण नाही.

पडलेल्या केसांची टोके भिंगाखाली खुंट दिसत असतील तर केस गळत नसून तुटत आहेत, म्हणजे कुत्रा चाटतो किंवा खाजवितो आहे. तेथे पिसू, गोचीड, खरूज किंवा एखाद्या पदार्थाची बाधा यांचा शोध घ्यावयास हवा. गोल, खवलेदार चट्टे नायट्याचे असू शकतात, व तो माणसांनाही लागतो. मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण यांनंतर एक ते तीन महिन्यांनी एकदम पुष्कळ केस पडतात. कारण त्या आघाताच्या वेळी असंख्य रोमकूप एकदमच विश्रांतीत गेलेले असतात. कारण दूर झाल्यावर हे केस पुन्हा येतात.

सर्वांत फसवा प्रकार ग्रंथींच्या विकारांचा होय. थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंदावले म्हणजे रोमकूप विश्रांतीतून पुन्हा वाढीकडे वळत नाहीत. अंगाच्या दोन्ही बाजूंस सारखेच केस विरळ होतात, शेपूट उंदराच्या शेपटीसारखी दिसू लागते, वजन वाढते, कुत्रा सुस्त होतो. खाज नसल्याने कोणाला काही जाणवत नाही. हा विकार बहुधा मध्यम वयात उद्भवतो, आणि लॅब्रॅडॉरमध्ये तो अपरिचित नाही.

येथे स्वतःच्या घरचा दाखला देणे प्रस्तुत लेखकास प्राप्त आहे. घरातील सहा वर्षांच्या लॅब्रॅडॉरची शेपूट विरळ होऊ लागली तेव्हा ‘लॅब्रॅडॉरचे केस गळायचेच’ असे आम्ही म्हणालो. सुस्तीला वय हे कारण दिले, आणि वजनाला लाड. शब्द तोच होता, पण मागील सहा वर्षे ज्याला तो लावला त्याहून निराळी गोष्ट आता घडत होती. रक्ततपासणी होण्यास जवळजवळ एक वर्ष गेले. ते वर्ष कुत्र्याने निष्कारण थंडी वाजत, पाय ओढीत काढले. तपासणीनंतर रोजची गोळी सुरू झाली. पहिल्या काही आठवड्यांत केस पूर्वीपेक्षाही अधिक पडू लागले, आणि औषध बाधले की काय असे घरच्यांना वाटले. वस्तुतः नवे केस मुळाशी वाढू लागले होते व अडकून राहिलेल्या जुन्या केसांना ते बाहेर ढकलीत होते. कुत्रा पुन्हा केस टाकू लागला होता. चार महिन्यांनी त्याची शेपूट भरली.